खोका क्रमांक सतरा

निवृत्तीला अकरा दिवस उरलेत
आणि फ्रीझर रिकामा करायचा आहे.
जाड निळे हातमोजे. द्रव नायट्रोजनची वाफ
गुडघ्यांवरून उतरते, फरशीवर पसरते, विरते.
बाहेर उमेओत दुपारी अडीचलाच अंधार.
यादीचे रकाने मीच आखलेत: ठेवा, द्या, टाका.

खोका सतरा. कुपी चार. टी. एल., १९९१.

टूरे लुंडमार्क, वय सात.
गोठलेल्या नदीला भोक पाडून मासे धरायचा.
कण्यात सुई रुतलेली असताना मला म्हणाला,
"गुन्नेल, माशांना खालून भोक दिसतं का गं?"
इथं मुलंही डॉक्टरला नावानंच हाक मारतात.
मी म्हटलं, हलू नकोस.

त्याच्या आईला मी समजावलं होतं:
पांढऱ्या पेशी म्हणजे राखण करणाऱ्या,
आणि तुमच्याकडे कुंपणच शेत खातंय.
मायलिस टपाल वाटायची, खिळ्यांच्या टायरांच्या सायकलवरून.
ऐकून घेतलं तिनं सगळं. मग विचारलं,
"पण सगळंच कुंपण फितूर आहे का?"
मी चौतीस वर्षांची होते. घड्याळ बघितलं.
मार्चमध्ये, नदीवरचा बर्फ अजून माणसाचं वजन पेलत असताना,
तो गेला.

त्या एका प्रश्नावर मी तेहेतीस वर्षं काढली.
अर्ज परत यायचे: कल्पना रोचक, व्यवहार्य नाही.
कानाला बिल्ले टोचलेले उंदीर मेले.
बरे झाले तेही मीच मारले,
आत काय घडलं ते बघायला.
हेन्निंग सोडून गेला. त्याला दोष नाही,
मी जेवताना उंदरांची वजनं सांगायचे.

मग कधीतरी जमलं ते.
विषाणूच्या पाठीवर बांधून एक जनुक आत धाडायचा,
आंधळ्या राखणदाराला डोळा फुटतो.
हालिमो, वय नऊ, ताप एक्केचाळीस,
बाप खिडकीशी, ओठातल्या ओठात दुआ,
आणि मी तीन रात्री खुर्चीत
औषध दिलंय की वणवा लावलाय, याचा हिशेब करत.
अठराव्या दिवशी तिनं पॅनकेक मागितले,
वर लिंगनबेरीचा जॅम, आणि म्हणाली, एवढुसाच का?
पेपरात फोटो आला. त्यात मी हसतेय.

पण गेल्या नोव्हेंबरात
टूरेच्या दोन कुप्या मी वितळवल्या.
संमतीपत्रावर मायलिसची सही होती, मुदत नव्हती.
एका कुपीत त्याचा आजार.
दुसरीत फितूर न झालेल्या मूठभर पेशी,
तेहेतीस वर्षं झोपलेल्या, अजून सातच वर्षांच्या.
त्यांना डोळा दिला. दोन्ही एका थाळीत सोडलं.

तिसऱ्या पहाटे थाळी स्वच्छ.

किती सहज जिंकला तो.
फक्त जिंकायला अंग उरलं नव्हतं.

सांगावं की नाही, यात नाताळ गेला.
मग गेलेच. मायलिस आता पंच्याऐंशीची,
कॉफी ओतताना हात थरथरत नाही.
सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे त्याच्यात ते होतं."
होतं.
"आणि उशीर तुम्हाला झाला."
हो, आम्हाला.
तिनं साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं.
मी साखर घेत नाही. त्या दिवशी घेतली.

परतताना नदीवर एक म्हातारा भोकाशी बसला होता,
पाठीला थर्मास, दाढीत हिमाचे खडे.
त्याला विचारलं, माशांना खालून हे दिसतं का हो?
त्यानं मला आपादमस्तक बघितलं, डॉक्टरीणबाईला.
"दिसतं म्हणून तर येतात," म्हणाला.
"आता जरा उजेडातून बाजूला व्हा."

कुपी चार अजून हातमोज्यात.
तीनही रकाने कोरे.